‘प्रोग्राम’चं डॅनिश काय, हा प्रश्नच चुकीचा आहे

सरकारी धोरणांचा आणि योजनांचा इंग्रजी मजकूर डॅनिशमध्ये आणताना शब्दाला शब्द जोडून भागत नाही. युरोपीय संघाच्या कामकाजाविषयीच्या करारात 36, 45 आणि 52 ही तीन कलमं आहेत. मालाची, कामगारांची आणि व्यवसायाची ये-जा मोकळी असली तरी सदस्य देशाला ती कोणत्या कारणांनी रोखता येते, हे त्यांत सांगितलं आहे. इंग्रजी पाठात त्यातलं एक कारण ‘पब्लिक पॉलिसी’ असं आहे. डॅनिश पाठात त्याच जागी ‘देन ऑफेंटलिये ऑर्डन’ आहे, म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्था. नवख्या भाषांतरकाराने तिथे शब्दाला शब्द जोडून ‘ऑफेंटलिग पोलिटीक’ लिहिलं, तर कलमाचा अर्थ असा होईल की आपल्या सार्वजनिक धोरणात बसत नाही एवढ्यावर एखादं सरकार पोलिश सुताराला किंवा स्पॅनिश टोमॅटोला सीमेवर अडवू शकेल. करार झाला तो नेमकं हेच थांबवण्यासाठी.

घोटाळ्याचं मूळ इंग्रजीत आहे. 1957 चा रोमचा करार फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि डच या चार भाषांत झाला. फ्रेंच पाठात ‘ऑर्द्र प्युब्लिक’ होतं. 1 जानेवारी 1973 रोजी ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क एकत्रच आत आले, आणि इंग्रजी व डॅनिश पाठ त्या वेळी अधिकृत झाले. इंग्रजीने फ्रेंच संज्ञेसाठी आपल्या न्यायालयांतला जुना ‘पब्लिक पॉलिसी’ उचलला, डॅनिशने सरळ ‘सुव्यवस्था’ म्हटलं. म्हणजे इथे इंग्रजी हे मूळ नव्हेच. तीही डॅनिशसारखीच भाषांतरित बहीण. युरोपीय न्यायालयाने 1982 च्या ‘सिलफिट’ निकालात सगळ्या भाषांतले पाठ सारखेच अधिकृत असल्याचं सांगितलं आहे. तरी कोपनहेगनमधल्या कचेऱ्यांत आणि भाषांतराच्या बाजारात आजही इंग्रजी वाक्प्रचार डावीकडे, डॅनिश उजवीकडे अशा दोन रकान्यांच्या याद्या हातोहात फिरतात. सार्वजनिक योजनांच्या भाषेपुरतं तरी या याद्यांनी भल्यापेक्षा नुकसानच जास्त केलं आहे, असं माझं मत आहे. इंग्रजी वाक्प्रचार कोण, कुणासाठी, कुठल्या अधिकाराने करतो आहे हे झाकून ठेवू शकतो. डॅनिशला ते उघड करावं लागतं. यादीत ही उत्तरं नसतात.

‘पॉलिसी’ हाच शब्द घ्या. मराठीत राजकारण वेगळं आणि धोरण वेगळं. डॅनिशमध्ये दोन्हींना ‘पोलिटीक’ हा एकच शब्द आहे. ‘उडानेल्सेसपोलिटीक’ म्हणजे शिक्षणाचं धोरण, आणि शिक्षणावरून चाललेलं राजकारणही. कुठलं ते संदर्भ ठरवतो, आणि डॅनिश वाचकाला त्यात काही अडचण वाटत नाही. अडचण होते ती इंग्रजी अनेकवचन आलं की. ‘पॉलिसीज’चं ‘पोलिटीकर’ करता येतं, कार्यालयाच्या नियमांसाठी ते रुळलंही आहे. धूम्रपानाच्या नियमांना ‘रूगेपोलिटीक’ म्हणतात. पण सरकारी दस्तऐवजात ‘पोलिटीकर’ची रांग लागली की डॅनिश कान टवकारतात. अशा ठिकाणी मुळात बहुधा नियम, मार्गदर्शक सूचना किंवा उपाय यांपैकी काहीतरी म्हणायचं असतं, ते शोधून लिहावं. आणि ‘दहा दिवसांत उत्तर देणं हे आमचं धोरण आहे’ या वाक्याचं डॅनिश ‘आम्ही दहा दिवसांत उत्तर देतो’ एवढंच. धोरण शब्द गाळला म्हणून काही बिघडत नाही. (डॅनिश शब्द इथे स्पेलिंगला धरून लिहिले आहेत. खऱ्या उच्चारात निम्मी व्यंजनं गिळली जातात, त्याला देवनागरीचाही इलाज नाही.)

आता एक नमुन्याचं वाक्य घेऊ. अशी वाक्यं कुठल्याही सरकारी प्रसिद्धिपत्रकात सापडतात: ‘द गव्हर्नमेंट हॅज लाँच्ड अ प्रोग्राम टू एम्पॉवर व्हल्नरेबल सिटिझन्स थ्रू कम्युनिटी-बेस्ड सर्व्हिसेस, इन कन्सल्टेशन विथ स्टेकहोल्डर्स, बॅक्ड बाय 1.2 बिलियन क्रोनर.’ म्हणजे साधारण असं: सरकारने संबंधितांशी सल्लामसलत करून, 1.2 अब्ज क्रोनरच्या पाठबळावर, दुर्बल नागरिकांना स्थानिक सेवांमधून सक्षम करण्याची योजना सुरू केली आहे. इंग्रजीत ते सुरळीत वाचलं जातं. डॅनिशमध्ये आणताना आठ-नऊ ठिकाणी थांबावं लागतं.

‘प्रोग्राम’पासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. डॅनिशमध्ये ‘प्रोग्राम’ हा शब्द आहे, पण तो पहिला पर्याय क्वचितच असतो. कायद्याने बसवलेली, अटी पूर्ण केल्या की ज्याचा लाभ मिळतो अशी कायमची व्यवस्था म्हणजे ‘ऑर्डनिंग’. ठरावीक मुदतीसाठी बाजूला काढलेली रक्कम, जिच्यासाठी नगरपालिकांनी किंवा संस्थांनी अर्ज करायचा आणि जी संपली की संपली, ती ‘पुल्ये’. एखाद्या प्रश्नावर यंत्रणेने एकत्रितपणे केलेलं काम म्हणजे ‘इंडसॅट्स’. रोजगाराचा मुख्य कायदाच ‘सक्रिय रोजगार-इंडसॅट्स’ या नावाचा आहे. आणि एका माणसाने महिनोन्‌महिने ज्यातून जायचं, भेटी, प्रशिक्षण, तपासण्या, असा मार्ग म्हणजे ‘फोरलोब’. बेकारीखेरीज आजार, सामाजिक अडचणी असे अनेक प्रश्न गुंतलेल्या माणसाला कामाकडे नेण्यासाठी असतो तो ‘रेसूर्सफोरलोब’, कर्करोगाच्या रुग्णाचा तपासणीपासून उपचारापर्यंतचा वेळापत्रकात बांधलेला प्रवास म्हणजे ‘पॅकेफोरलोब’. आपल्याकडे हे सगळं ‘योजना’ या एका शब्दात मावतं, म्हणून मराठी वाचकाला इंग्रजी ‘प्रोग्राम’ आणि ‘स्कीम’ खटकत नाहीत. डेन्मार्कमध्ये ‘पुल्ये’च्या जागी ‘ऑर्डनिंग’ लिहिलं तर वाचणारी बाई उद्या नगरपालिकेत जाऊन हक्क मागेल आणि तिला सांगितलं जाईल की तुमच्या कोमुनेने, म्हणजे नगरपालिकेने, अर्जच केला नव्हता. चूक शब्दाची, हेलपाटा तिचा.

त्यात आणखी एक पदर आहे. ‘लाँच्ड’ म्हणजे नेमकं झालं काय? डॅनिश राजकारणात आघाड्या आणि अल्पमतातली सरकारं नेहमीची, म्हणून योजना टप्प्याटप्प्याने जन्मते आणि प्रत्येक टप्प्याला वेगळं नाव आहे. सरकारने वाटाघाटींपूर्वी मांडलेला प्रस्ताव म्हणजे ‘उडस्पिल’. हा शब्द पत्त्यांच्या डावातून आला आहे, पहिलं पान टाकणं. पक्षांत एकमत झालं की ‘आफ्टाले’. तेच एकमत बांधील स्वरूपाचं असलं, म्हणजे सहभागी पक्षांपैकी एकालाही डावलून बदल करता येत नाही, तर ‘फोरलीग’. मग ‘लोवफोरस्लाग’, म्हणजे विधेयक, आणि 179 जणांच्या फोल्केटिंगने, म्हणजे संसदेने, मंजूर केलं की ‘लोव’. ‘लाँच्ड अ प्रोग्राम’ यांपैकी कशालाही म्हणतात. उडस्पिलला लोव म्हणणं म्हणजे टाकलेल्या पहिल्या पानावरच डाव जिंकल्याचं जाहीर करणं. शिवाय ‘गव्हर्नमेंट’ म्हणजे ‘रेगेरिंग’, मंत्रिमंडळ, की ‘स्टॅट’, राज्यसंस्था, की 2007 च्या फेररचनेपासून 98 असलेल्या कोमुनेंपैकी एखादी? ब्रिटिश मजकुरात ‘लोकल गव्हर्नमेंट’मधलं ‘गव्हर्नमेंट’ थेट कोमुने होतं.

‘एम्पॉवर’. शब्दकोशात शोधलं की ‘बेमूंडिगे’ सापडतं, आणि तिथेच पाय घसरतो. हे क्रियापद डॅनिश कायद्यांत मंत्र्याला नियम करण्याचा अधिकार सोपवण्यासाठी येतं. ‘वंचित नागरिकांना बेमूंडिगे करणे’ असं लिहिलं तर बेघर माणसाला अधिसूचना काढण्याची मुभा मिळाली असं वाचलं जाईल. ‘मूंडिगगोरेल्से’ असा शब्द अभ्यासकांच्या लिखाणात आहे. तो बरोबर आहे, पण कोरडा. समाजकार्याचं शिक्षण देणाऱ्या संस्थांत सरळ ‘एम्पॉवरमेंट’ म्हणतात. माझ्या मते चांगला उपाय म्हणजे क्रिया उलगडणं: त्यांचं म्हणणं अधिक ऐकलं जाईल, किंवा स्वतःचे निर्णय त्यांना स्वतः घेता येतील, किंवा हातात पैसे येतील. यांपैकी कुठलं, हे इंग्रजी लेखकाला विचारावं लागतं. त्यालाही सांगता येत नसेल तर दोष डॅनिशचा नाही.

‘व्हल्नरेबल’ला ‘सोरबार’ आणि ‘उडसॅट’ असे दोन शब्द आहेत. पहिला जखम होऊ शकेल असा, नाजूकपणाकडे झुकलेला. दुसरा परिस्थितीने उघडा पडलेला. बेघर, व्यसनात अडकलेले, मनोविकारांनी ग्रासलेले अशांसाठी डॅनिश समाजकारणात तोच चालतो. पण ‘व्हल्नरेबल नेबरहूड्स’ असं आलं की ‘उडसॅटे बोलिगओमरोदर’ लिहिताना हात आवरा. ही कायद्यातली श्रेणी आहे. किमान 1000 रहिवाशांची आल्मेने, म्हणजे ना-नफा संस्थांच्या घरांची, वसाहत, रोजगार, गुन्हे, शिक्षण आणि उत्पन्न या चार निकषांपैकी किमान दोन लागू, आणि दरवर्षी 1 डिसेंबरला जाहीर होणारी यादी. त्याच कायद्यात जे पूर्वी ‘घेटो’ होतं ते 2021 मध्ये ‘पॅरालेलसॅमफुंड’, समांतर समाज, झालं. मँचेस्टरच्या गरीब मोहल्ल्याला डॅनिशमध्ये ‘उडसॅट बोलिगओमरोदे’ म्हटलं तर वाचक नकळत तो या यादीच्या चौकटीत बसवतो.

‘सिटिझन’ हा तर रोजचा सापळा. ‘बोर्गर’ म्हणजे कोमुनेच्या काउंटरसमोर उभा असलेला कुणीही रहिवासी, पासपोर्ट सीरियाचा असो की भारताचा. राष्ट्रीयत्वाने नागरिक तो ‘स्टॅट्सबोर्गर’. सेवांबद्दलच्या मजकुरात ‘स्टॅट्सबोर्गर’ पडलं की डेन्मार्कच्या आरहूस शहरातला पुण्याचा अभियंता एका शब्दाने योजनेबाहेर जातो. उलट संसदेच्या मतदानाबद्दल ‘बोर्गर’ लिहिलं तर त्याला नसलेला हक्क मिळतो. जाता जाता, सरकारी मदत घेणाऱ्याला आपण ‘लाभार्थी’ म्हणतो, डॅनिश कोमुने त्याला ‘बोर्गर’च म्हणते. इंग्रजीतल्या ‘बेनिफिशियरी’साठी युरोपीय दस्तऐवजांत ‘स्टोटेमोटागर’ आहे, पण तो अनुदान घेणाऱ्या संस्थेला शोभतो, म्हाताऱ्या आजीला नाही.

‘कम्युनिटी-बेस्ड’वर फार वेळ घालवू नये. ‘लोकाल’ किंवा ‘इ नेरमिल्योएत’, जवळच्या परिसरात, यांपैकी एकाने भागतं. ‘फेलेस्कॅब’ मात्र इथे नको. तो एकमेकांना धरून असलेल्या माणसांसाठी आहे, आणि एका पिन कोडमध्ये राहणारी माणसं तशी असतीलच असं नाही.

‘कन्सल्टेशन’ला ‘कोन्सुल्टाशोन’ म्हटलं तर डॅनिश माणूस दवाखान्यात जातो. डॉक्टरची भेट हा त्याचा रोजचा अर्थ. सरकार मतं मागवतं तेव्हा शब्द ‘होरिंग’, ऐकणं. विधेयकं आणि नियमांचे मसुदे सरकारच्या होरिंग-पोर्टलवर चढतात, संघटना लेखी उत्तरं पाठवतात. पण इंग्रजी ‘पब्लिक हिअरिंग’ही ‘होरिंग’च. म्हणून सभागृहातली बैठक असेल तर तसं सांगावं लागतं, नाहीतर लोक बैठकीची तारीख शोधत बसतात. ‘स्टेकहोल्डर’ला ‘इंटरेसेंट’ आहे आणि चालतो, तरी मालक-कामगार संघटनांबद्दल बोलणं असेल तर त्याहून नेमका शब्द डेन्मार्ककडे शतकाहून जुना आहे: ‘आर्बाइड्समार्केडेट्स पार्टर’, श्रमबाजाराचे पक्ष. 1899 च्या सप्टेंबर तडजोडीपासून, म्हणजे मालक आणि कामगार संघटनांमधल्या करारापासून, वेतनाचे नियम हे दोन पक्ष आपसात ठरवतात. युरोपीय इंग्रजीतलं ‘सोशल पार्टनर्स’ हे फ्रेंचवरून आलेलं, लंडनच्या सामान्य वाचकालाही नीट न कळणारं. ते ‘सोशियाले पार्टनेरे’ असं उचलून ठेवण्यात शहाणपण नाही.

आणि आकडा. इंग्रजी ‘बिलियन’ म्हणजे डॅनिश ‘मिलियार्ड’, आपला एक अब्ज. डॅनिशमध्ये ‘बिलियोन’ही आहे, पण तो हजार पट मोठा, एक लाख कोटी. 1.2 बिलियन क्रोनर म्हणजे 120 कोटी. ‘बिलियोन’ लिहिलं तर 1 लाख 20 हजार कोटी. दशांश चिन्ह डॅनिशमध्ये स्वल्पविराम, हजारांची फोड टिंबाने. म्हणून इंग्रजी 1,200 आणि डॅनिश 1,200 हे वेगवेगळे आकडे आहेत, दुसरा सव्वाच्या जरासा खाली. शब्दांच्या चुका संपादक पकडतो. तक्त्यातलं टिंब बरेचदा कुणीच पकडत नाही.

क्रियापदांचं वजन वेगळं तोलावं लागतं. ‘मो’ या डॅनिश क्रियापदाचे दोन अर्थ: परवानगी आहे आणि भाग आहे. ‘कोमुने मो बेटाले’ म्हणजे नगरपालिकेला पैसे देता येतील, किंवा द्यावेच लागतील. म्हणून कायद्याच्या मजकुरात परवानगीसाठी ‘कॅन’ आणि बंधनासाठी ‘स्कॅल’ ठेवायचं, ‘मो’ टाळायचं. ‘शुड’ला ‘बोर’. पण ‘स्कॅल’चा आणखी एक नेहमीचा उपयोग यादीत कधीच दिसत नाही: हेतू सांगणं. ‘द प्रोग्राम एम्स टू हेल्प यंग पीपल’चं उत्तम डॅनिश ‘पुल्येन स्कॅल येल्पे उंगे’ असं होतं. इथे ‘स्कॅल’ बंधन नाही, उद्देश आहे. इंग्रजी तपासणारा ते पाहून ‘शॅल’ समजतो आणि लाल रेघ मारतो.

नामांच्या रांगांचंही तसंच. ‘चाइल्ड पॉव्हर्टी प्रोग्राम’ला जोडून लिहिलं तर बालदारिद्र्याचाच कार्यक्रम वाटतो, डॅनिशला ‘मोद’, विरुद्ध, हे शब्दयोगी हवं. मराठीही ‘निर्मूलन’ घालते, त्याच कारणाने. उलट जिथे खरोखर समास आहे तिथे इंग्रजीच्या सवयीने शब्द तोडण्याची चूक होते. ‘डूरलेगे’ म्हणजे पशुवैद्य. मध्ये जागा सोडली की होतो महागडा डॉक्टर.

यादीवाल्यांचा एक युक्तिवाद खरा आहे. एकाच कायद्यात एकाच गोष्टीला एकच नाव हवं, नाहीतर न्यायालय दोन अर्थ काढतं. मान्य. पण ती एकवाक्यता वस्तूची असावी, इंग्रजी शब्दाची नव्हे. याचं सगळ्यात मोठं उदाहरण 2022 चा किमान वेतनाचा युरोपीय निर्देश, क्रमांक 2022/2041. डॅनिश शीर्षकात ‘मिन्स्टेलोनिंगर’ आहे. डेन्मार्कमध्ये कायद्याने ठरवलेलं किमान वेतनच नाही. तिथे ‘ओवरेन्सकोम्स्ट’, म्हणजे सामूहिक करार आहेत. त्यांत काही ठिकाणी ‘नॉर्मललोन’, करारात लिहिला तोच दर, आणि काही ठिकाणी ‘मिनिमाललोन’, ज्याच्यावर प्रत्येक कारखान्यात पुन्हा बोलणी होतात. डॅनिश कामगार चळवळीला ‘किमान वेतन’ हा शब्द हक्कासारखा नाही, सरकारच्या हस्तक्षेपासारखा ऐकू येतो. जानेवारी 2023 मध्ये डेन्मार्क या निर्देशाविरुद्ध युरोपीय न्यायालयात गेला; नोव्हेंबर 2025 च्या निकालात काही तरतुदी रद्द झाल्या, निर्देश बव्हंशी टिकला. भांडण अधिकारक्षेत्राचं होतं, भाषेचं नाही, हे खरं. तरी ‘मिनिमम वेज’ समोर ‘मिन्स्टेलोन’ एवढंच लिहिणाऱ्या यादीतून हे भांडण कशावरून आहे, याचा पत्ता लागत नाही.

‘सोशल हाउसिंग’चंही तसंच. ‘सोशियाले बोलिगर’ म्हटलं की फक्त गरिबांसाठीची घरं वाटतात. डॅनिश शब्द ‘आल्मेने बोलिगर’, सर्वांसाठीची: ना-नफा संस्थांची, प्रतीक्षायादीवर कुणीही नाव घालावं अशी, देशातल्या घरांपैकी साधारण एक पंचमांश. रिकाम्या होणाऱ्या चार घरांतलं एक देण्याचा हक्क कोमुनेचा, बाकीची रांगेने. तसाच ‘इन्क्लुझिव्ह एज्युकेशन’मधला ‘इन्क्लुशोन’. शब्दकोशाप्रमाणे बरोबर, पण 2012 च्या कायद्यानंतर 96 टक्के मुलं नेहमीच्या शाळांत ठेवण्याचं लक्ष्य आलं आणि 2016 मध्ये ते सोडावं लागलं. त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत हा शब्द उच्चारला की आधी ते लक्ष्य आठवतं. परदेशी अहवालाचं भाषांतर करताना या ओझ्याची जाणीव ठेवून वाक्य बांधावं लागतं.

दुसरा पक्ष म्हणतो, डॅनिश लोकांना इंग्रजी येतं, मग ‘गव्हर्नन्स’, ‘मेनस्ट्रीमिंग’, ‘एम्पॉवरमेंट’ तसेच ठेवा. काही शब्दांबाबत हे पटतं. ‘फ्लेक्सिक्युरिटी’ (कामावरून काढणं सोपं, पण बेकारीत आधार) आणि ‘नजिंग’ (सक्ती न करता हळूच योग्य निवडीकडे वळवणं) डॅनिशने पचवले आहेत, त्यांना आता नवे कपडे चढवू नयेत. पण 2014 पासून, सूट घेतलेले सोडले तर, सरकारी पत्रं नागरिकांना सक्तीने डिजिटल टपालातूनच जातात. 78 वर्षांच्या माणसाने मोबाइलवर ते पत्र उघडायचं आणि मुदतीत उत्तर द्यायचं. त्याला चित्रपट इंग्रजीत कळतो म्हणून निर्णयाची कारणंही कळतील हा तर्क टिकत नाही. भाषा समिती, 1955 ची डान्स्क स्प्रोगनेवन, यात सक्ती करू शकत नाही. 1997 च्या कायद्याने कचेऱ्यांवर तिच्या शुद्धलेखनाचं बंधन आहे. शब्द कुठला वापरावा याचं नाही. निवड लिहिणाऱ्याचीच.

उलट भाषांतराने, म्हणजे डॅनिश मजकूर पुन्हा इंग्रजीत आणून, तपासण्याची पद्धतही सांभाळून वापरावी. ‘पर्सन्स विथ डिसअ‍ॅबिलिटीज’चं डॅनिश ‘पर्सोनर मेद हँडिकॅप’. संयुक्त राष्ट्रांच्या कराराचं डॅनिश नाव हेच आहे, अपंगांच्या संघटनाही हाच शब्द वापरतात. इंग्रजीत ‘हँडिकॅप्ड’ अपमानास्पद ठरल्यामुळे जिनिव्हात किंवा लंडनमध्ये बसलेला तपासनीस तो खोडायला सांगतो. खोडू नये. तसंच ‘स्टेट सपोर्ट’साठी ‘स्टॅट्सस्टोटे’ आलं तर उलट भाषांतर अगदी जुळतं, पण तो स्पर्धा कायद्यातला शब्द, त्याच कराराच्या कलम 107 मध्ये मोडणारी, ब्रुसेल्सला कळवावी लागणारी मदत. साधं अनुदान म्हणजे ‘टिलस्कुड’.

म्हणून काम देणाऱ्याने यादीऐवजी अर्धं पान पाठवावं. ही घोषणा आहे की कायदा? पैसे कुणाचे, किती वर्षांसाठी? निर्णय कोण देतो, आणि त्याविरुद्ध दाद कुठे मागायची? व्यक्तीला हक्क आहे की फक्त संधी? मजकूर कुठल्या देशाबद्दल आहे? शेवटी वाचणार कोण, कोमुनेचा अधिकारी की तिथला बोर्गर? एवढं असलं तर आपलं नमुन्याचं वाक्य काहीसं असं होईल: सरकार आणि अमुक पक्षांच्या आफ्टालेनुसार 1,2 मिलियार्ड क्रोनरची पुल्ये निघाली आहे. कोमुने त्यातून अर्ज करून पैसे घेऊ शकतात. त्या पैशांतून सामाजिकदृष्ट्या उडसॅट असलेल्या बोर्गरांना राहत्या परिसरात मदत मिळावी, आणि कुठली मदत हवी हे त्यांनी स्वतः ठरवावं. मसुदा होरिंगला गेला होता. इंग्रजीच्या एका वाक्याची चार झाली. तरी एक जागा रिकामीच आहे: मुदत संपल्यावर खर्च कुणाचा, हे मूळ वाक्यात कुठेच नव्हतं. भाषांतरकाराने ती जागा स्वतःच्या अंदाजाने भरायची नाही. समासात प्रश्न लिहायचा आणि मजकूर पाठवणाऱ्याकडे परत करायचा.